'ओन्ली' नेमका कुठे लावायचा?

मराठी माणसाच्या इंग्रजीत गरजेपेक्षा फार जास्त वेळा येणारा एक शब्द म्हणजे 'ओन्ली'. 'आय अ‍ॅम अ‍ॅट होम ओन्ली', 'ही इज लाइक दॅट ओन्ली', 'वी विल मीट टुमॉरो ओन्ली'. समोरचा मराठी असो की भारतातला आणखी कुठला, त्याला यात काही खटकत नाही. हिंदीत 'ही' आहे, गुजरातीत 'ज' आहे, कोकणीत आपल्यासारखाच 'च' आहे, तमिळमध्ये 'तान' आहे. या सगळ्यांचं इंग्रजी रूप म्हणून आपण 'ओन्ली' धरून बसलो आहोत. भाषेचे अभ्यासक तर याला भारतीय इंग्रजीची एक खूणच मानतात. घरच्या, मित्रांच्या गप्पांत तो राहिला तर काही बिघडत नाही, आणि त्यावरून कोणी कोणाला हसू नये असं मला मनापासून वाटतं.

पंचाईत होते ती पलीकडचा माणूस आपल्या भाषांपैकी एकही न जाणणारा असला की. मँचेस्टरच्या सहकाऱ्याला तुम्ही 'वी विल मीट टुमॉरो ओन्ली' असं लिहिता. तुमच्या मनात असतं, 'उद्याच भेटू, उशीर नको.' तो वाचतो, 'उद्या सोडून दुसऱ्या कुठल्याही दिवशी जमणार नाही.' मग तो बिचारा आपल्या उद्याच्या सगळ्या मीटिंगा पुढे ढकलतो. किंवा 'त्यानेच मला सांगितलं' हे तुम्ही 'ही ओन्ली टोल्ड मी' असं म्हणता. इंग्रजी ऐकणारा समजतो, 'त्याने मला फक्त सांगितलं, केलं काहीच नाही', नाहीतर 'मला एकट्यालाच सांगितलं'. तुम्ही 'सांगणारा तोच' यावर बोट ठेवत होता, आणि ते नेमकं हरवलं.

म्हणून 'ओन्ली' शिकताना सुरुवात इंग्रजीच्या नियमांपासून करू नये. आधी आपल्या 'च'कडे नीट बघावं. वाक्यातला 'च' काय काम करतोय हे कळलं की निम्मं काम तिथेच होतं.

पायरी पहिली: आपला 'च' काय करतोय ते ओळखा

शाळेच्या व्याकरणात 'च', 'मात्र', 'फक्त', 'केवळ' हे सगळे कैवल्यवाचक म्हणून एका रांगेत बसवलेले असतात. कैवल्य म्हणजे 'एवढंच, दुसरं नाही'. त्यामुळे 'च' म्हणजे 'ओन्ली' हे समीकरण डोक्यात पक्कं बसतं. पण 'च'चं मूळ काम वेगळं आहे. १२ व्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'चेअ', 'चिअ', 'च्च' या अव्ययांचा अर्थ 'अवधारण' असा दिला आहे, म्हणजे निश्चय, ठासून सांगणं. आपला 'च' त्याच घराण्यातला मानतात. उलट इंग्रजी 'ओन्ली'चं जुनं रूप 'आन-लिक' असं होतं, 'एक' आणि 'सारखा' या दोन शब्दांचं मिळून झालेलं. त्याच्या पोटातच 'एक' आहे. 'च' ठासून सांगतो आणि 'ओन्ली' बाकीचं वगळतो. जिथे ठासून सांगण्यात वगळणंही असतं, तिथेच दोघांची गाठ पडते.

यासाठी एक सोपी चाळणी आहे. वाक्यातला 'च' काढा आणि त्याच शब्दाआधी 'फक्त' लावून बघा. अर्थ तोच राहिला तर 'ओन्ली' वापरा. वाक्य विचित्र झालं किंवा अर्थ बदलला तर 'ओन्ली' विसरा, दुसरं काहीतरी शोधा.

'माझ्याकडे शंभरच रुपये आहेत.' 'फक्त शंभर रुपये आहेत' म्हटलं तरी तेच. तेव्हा 'आय हॅव ओन्ली अ हंड्रेड रुपीज'. हा खराखुरा 'ओन्ली'.

'मी घरीच आहे.' 'मी फक्त घरी आहे' असं कोणी म्हणतं का? चाळणीत अडकला. इथे 'च' सांगतोय, 'बाहेर गेलो असेन असं वाटत असेल तर तसं नाही, खुशाल या.' इंग्रजीत नुसतं 'आय अ‍ॅम अ‍ॅट होम' पुरतं. फारच जोर हवा असेल तर 'आय अ‍ॅम राइट हिअर अ‍ॅट होम'. बरेचदा मराठी 'च'ला इंग्रजीत स्वतंत्र शब्दच लागत नाही, आवाजातला जोर ते काम करतो. हे मान्य करायला आपल्याला जड जातं. 'च' गाळला की आपण काहीतरी सांगायचं राहिलं असं वाटतं आणि हात आपोआप 'ओन्ली'कडे जातो.

'मी इथेच थांबतो': 'आय विल वेट राइट हिअर'. जागेच्या शब्दाला चिकटलेल्या 'च'साठी 'राइट' हा फार उपयोगी शब्द आहे. 'राइट हिअर', 'राइट देअर', 'राइट इन फ्रंट ऑफ यू'. चष्मा शोधणाऱ्या वडिलांना 'तुमच्यासमोरच आहे' सांगायचं तर शेवटचा उपयोगी पडेल.

'मीच केलं' आणि 'त्यानेच सांगितलं' यांत 'च' करणाऱ्याकडे बोट दाखवतो. तिथे 'आय डिड इट मायसेल्फ' किंवा 'ही टोल्ड मी हिमसेल्फ'. 'दुसऱ्या कोणी नाही, त्यानेच' असा आरोपाचा सूर असेल तर 'इट वॉज हिम हू टोल्ड मी'. आणि खरोखर 'त्याने एकट्याने सांगितलं, बाकी सगळे गप्प बसले' असं असेल, तर मग 'ओन्ली ही टोल्ड मी'. तीन अर्थ, तीन वाक्यं, आणि मराठीत तिन्हींना एकच 'त्यानेच'. कुठला अर्थ हवा हे आधी स्वतःशी ठरवावं लागतं, कारण इंग्रजी ते तुमच्याकडून वदवून घेतं.

'हाच तो माणूस', 'मी हेच म्हणत होतो', 'तोच शर्ट' यांत ओळख पटवणं आहे. इथे 'द सेम' किंवा 'एग्झॅक्टली'. 'दॅट इज एग्झॅक्टली व्हॉट आय वॉज सेइंग', 'द सेम शर्ट'. 'दॅट ओन्ली आय वॉज सेइंग' हे आपल्याकडे कानावर सारखं पडतं, पण बाहेरच्याला त्यातून काहीच बोध होत नाही.

'मी येणारच' यात हट्ट आहे किंवा खात्री. 'आय विल डेफिनेटली कम', आणि कोणी नको म्हणत असेल तरी यायचंच असेल तर 'आय अ‍ॅम कमिंग, नो मॅटर व्हॉट'. 'हे होणारच होतं' साठी इंग्रजीत एक नेमकी रचना आहे, 'इट वॉज बाउंड टू हॅपन'. ती पाठ करून ठेवावी इतकी कामाची आहे.

नकाराला चिकटलेला 'च' सर्वात जास्त घोटाळा करतो. 'मी गेलोच नाही', 'लाइट आलीच नाही', 'तो ऐकतच नाही'. याचं 'आय डिडन्ट गो ओन्ली' होतं, आणि ते इंग्रजी कानाला अर्धवट वाक्य वाटतं. इथे 'अ‍ॅट ऑल' हवं: 'आय डिडन्ट गो अ‍ॅट ऑल'. 'मला माहीतच नव्हतं' साठी 'आय हॅड नो आयडिया'. 'तो ऐकतच नाही' यात वैताग आहे, तो 'ही जस्ट वोन्ट लिसन' मध्ये बरोबर उतरतो.

आता वेळ. इथे चाळणी पुरत नाही, म्हणून जरा थांबून बघू. 'तो कालच आला' आणि 'तो कालच गेला' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात सूर आहे, 'येऊन फार वेळ झालेला नाही, अजून बॅगही उघडली नसेल.' दुसऱ्यात सूर उलटा आहे, 'तुम्ही उशीर केलात, तो केव्हाच निघून गेला.' काल हा दिवस एकच, 'च'ही एकच, पण एका ठिकाणी तो 'इतक्यात' म्हणतोय आणि दुसऱ्या ठिकाणी 'आधीच'. इंग्रजीत पहिल्यासाठी 'ओन्ली' अगदी चपखल बसतो: 'ही ओन्ली केम यस्टरडे' किंवा 'ही केम ओन्ली यस्टरडे'. दुसऱ्यासाठी 'ओन्ली' लावलात तर अर्थ उलटतो. 'ही ओन्ली लेफ्ट यस्टरडे' म्हणजे 'काल कुठे गेलाय, अजून पोहोचलाही नसेल'. तुम्हाला म्हणायचं होतं 'ही हॅज ऑलरेडी गॉन, ही लेफ्ट यस्टरडे'.

म्हणून वेळेच्या 'च'साठी वेगळी परीक्षा. 'च'च्या जागी 'कुठे' घालून बघा. 'तो काल कुठे आलाय!' जमलं, तर 'ओन्ली'. 'आत्ता कुठे सुरुवात झालीय' हे तर थेट 'इट हॅज ओन्ली जस्ट स्टार्टेड' आहे. 'कुठे' बसत नसेल आणि 'आधीच' किंवा 'केव्हाच' बसत असेल, तर 'ऑलरेडी'. दोन्ही बसत नसतील, जसं 'आजच पाठवतो', तर 'आय विल सेंड इट टुडे' एवढंच. काहीजण 'ओन्ली' टाळायचा म्हणून 'टुडे इटसेल्फ' म्हणतात. तेही आपल्याकडचंच घडवलेलं आहे, बाहेर सहसा कोणी असं बोलत नाही. 'आत्ताच आला' साठी 'जस्ट': 'ही हॅज जस्ट कम'. 'मी तेव्हाच सांगितलं होतं' साठी 'आय टोल्ड यू अ‍ॅट द टाइम'.

ही पायरी मी मुद्दाम लांबवली. 'ओन्ली'च्या जागेचे नियम कुठल्याही पुस्तकात सापडतील. 'च'ची ही उकल मात्र मराठी माणसालाच करावी लागते.

पायरी दुसरी: 'ओन्ली' कोणासाठी, ते ठरवा आणि त्याला खेटून ठेवा

मराठीत 'च' शब्दाला चिकटतो, तेही विभक्तीच्या प्रत्ययानंतर: 'मुलांनाच', 'सोमवारीच', 'डॉक्टरच'. त्यामुळे तो कोणाचा आहे याबद्दल शंकाच राहत नाही. वाक्यात शब्द कुठेही हलवा, 'च' आपल्या शब्दाबरोबर जातो. इंग्रजी 'ओन्ली' सुटा असतो आणि वाक्यात फिरतो. तो जिथे उभा राहील तिथल्या शब्दावर त्याचं वजन पडतं.

दवाखान्याच्या दारावरची पाटी समजा. साधं वाक्य: 'द डॉक्टर सीज चिल्ड्रन ऑन मंडेज'. डॉक्टर सोमवारी मुलांना तपासतात. आता यात 'ओन्ली' फिरवू.

'ओन्ली द डॉक्टर सीज चिल्ड्रन ऑन मंडेज'. सोमवारी मुलांना डॉक्टरच तपासतात, नर्स किंवा मदतनीस तपासत नाहीत.

'द डॉक्टर सीज ओन्ली चिल्ड्रन ऑन मंडेज'. सोमवारी डॉक्टर मुलांनाच तपासतात. तुम्ही सोमवारी स्वतःची कंबरदुखी घेऊन गेलात तर परत यावं लागेल. मुलांना इतर दिवशी तपासतात की नाही याबद्दल पाटी काहीच सांगत नाही.

'द डॉक्टर सीज चिल्ड्रन ओन्ली ऑन मंडेज'. मुलांना सोमवारीच तपासतात. मंगळवारी ताप आलेलं पोर काखोटीला मारून गेलात तर दुसरा दवाखाना शोधावा लागेल. मोठ्यांना सोमवारी तपासतात की नाही, ते इथे कळत नाही.

'दि ओन्ली डॉक्टर सीज चिल्ड्रन ऑन मंडेज'. इथे 'ओन्ली' विशेषण झाला. गावात डॉक्टरच एक, आणि तो सोमवारी मुलांना तपासतो. 'अ‍ॅन ओन्ली चाइल्ड' म्हणजे एकुलतं एक मूल, त्यातला 'ओन्ली' हाच.

आणि हे एक: 'द डॉक्टर ओन्ली सीज चिल्ड्रन ऑन मंडेज'. इथे 'ओन्ली' क्रियापदाआधी आहे. नेमका अर्थ? कुठलाही असू शकतो. 'मुलांनाच', 'सोमवारीच', किंवा अगदी काटेकोर घेतलं तर 'नुसतं बघतात, औषध देत नाहीत'. तोंडी बोलताना आवाजावरून कळेल, पण पाटीला आवाज नसतो.

तेव्हा लिहिण्यासाठी नियम सोपा आहे. ज्या शब्दाला मराठीत 'च' चिकटला असता किंवा ज्याच्याआधी 'फक्त' आला असता, त्या शब्दाच्या किंवा शब्दगटाच्या लगेच आधी 'ओन्ली'. 'मुलांनाच' म्हणजे 'ओन्ली चिल्ड्रन'. 'सोमवारीच' म्हणजे 'ओन्ली ऑन मंडेज'. हे दुसरं नीट बघा: 'ऑन ओन्ली मंडेज' नव्हे. 'ऑन', 'इन', 'फॉर', 'विथ' यांच्यासकट जो गट होतो, त्या सगळ्याच्या आधी 'ओन्ली' बसतो. आपला 'च' प्रत्ययानंतर येतो आणि इंग्रजी 'ओन्ली' त्या प्रत्ययाचं काम करणाऱ्या शब्दाच्याही आधी. अगदी आरशातल्यासारखं उलटं.

औषधाच्या सूचना, भाड्याचा करार, परीक्षेचे नियम, बँकेचं पत्र अशा ठिकाणी हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळावा. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात 'द लायसन्सी शॅल यूज द पार्किंग ओन्ली फॉर अ टू-व्हीलर' असेल, तर लायसन्सीला, म्हणजे भाडेकरूला, पार्किंगमध्ये दुचाकीच लावता येईल. 'ओन्ली द लायसन्सी शॅल यूज द पार्किंग फॉर अ टू-व्हीलर' असेल, तर तुमचा भाऊ तिथे त्याची दुचाकी लावू शकत नाही. सही करण्याआधी करारातला प्रत्येक 'ओन्ली' शोधून त्याच्या पुढचा शब्द वाचावा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

पायरी तिसरी: बोलताना तो क्रियापदाआधी जाऊ द्या

आता जे सांगतो ते वरच्या नियमाच्या विरुद्ध वाटेल. इंग्रजी लोक बोलताना 'ओन्ली' बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधीच टाकतात, मग तो कोणाचाही असो. 'आय ओन्ली हॅव टेन मिनिट्स', 'शी ओन्ली ईट्स फिश', 'आय ओन्ली वॉन्टेड टू हेल्प'. हे चूक नाही. शेंडी तुटो की पारंबी तुटो, 'ओन्ली' आपल्या शब्दाशेजारीच हवा असा हट्ट धरणारे शिक्षक इंग्लंडातही होते. १९२६ साली इंग्रजी वापराचा प्रसिद्ध कोश काढणाऱ्या हेन्री फाउलर यांनी मात्र अशा हट्टाची बाजू घेतली नाही. अर्थाचा गोंधळ होत नसेल, तर बोलीतली जागा नैसर्गिकच आहे असं त्यांचं मत होतं.

क्रियापदाआधीची ही जागा नेमकी कुठली? साधं क्रियापद असेल तर त्याच्या आधी: 'आय ओन्ली सॉ हिम वन्स'. 'इज', 'आर', 'वॉज' असेल तर त्याच्या नंतर: 'शी इज ओन्ली ट्वेल्व्ह', तिला आत्ता कुठे बारा वर्षं पूर्ण झालीत किंवा ती बाराच वर्षांची आहे. 'हॅव', 'कॅन', 'विल' यांसारखं सहायक असेल तर त्याच्या आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये: 'आय हॅव ओन्ली मेट हर वन्स', 'वी कॅन ओन्ली वेट'. एवढं पक्कं केलं तर बोलण्यातले दहातले नऊ प्रसंग निभतात.

मग ऐकणाऱ्याला कळतं कसं? आवाजाच्या जोरावरून. 'आय ओन्ली लेंट हिम द बुक' हे मोठ्याने तीनदा म्हणून बघा. 'लेंट'वर जोर दिला तर 'मी पुस्तक वाचायला दिलं होतं, देऊन नाही टाकलं'. 'हिम'वर दिला तर 'त्याला एकट्यालाच दिलं'. 'बुक'वर दिला तर 'पुस्तकच दिलं, नोट्स नाही दिल्या'. मराठीत आपण हेच काम 'च' हलवून करतो, त्यामुळे जोर द्यायची सवय आपल्याला कमी असते आणि आपलं इंग्रजी सपाट ऐकू येतं. आरशासमोर असली वाक्यं जोर बदलून म्हणण्याचा सराव फार कामाला येतो. 'च' गाळल्यावर जी पोकळी वाटते, ती या जोराने भरून निघते.

वाक्याच्या शेवटी 'ओन्ली' अजिबात चालत नाही असं मात्र नाही. पाट्या, तिकिटं, सूचना यांत तो नामानंतरच येतो: 'लेडीज ओन्ली', 'स्टाफ ओन्ली', 'एक्झिट ओन्ली', 'फॉर ऑफिस यूज ओन्ली'. हे जगभर चालतं. आपल्या कानाला शेवटचा 'ओन्ली' इतका सवयीचा वाटतो त्यात या पाट्यांचाही थोडा हात असावा. पण पाटीची भाषा बोलण्यात आणली की ती पाटीसारखीच ऐकू येते.

चेकवरचा 'ओन्ली' हाही याच जातीचा. रक्कम अक्षरी लिहून झाली की शेवटी 'ओन्ली' लिहितात आणि पुढे रेघ ओढतात, कारण 'फाइव्ह थाउजंड'च्या पुढे कोणी 'अँड फाइव्ह हंड्रेड' घुसडू नये. मराठीत त्या जागी 'फक्त' किंवा 'मात्र' येतो: 'अक्षरी रुपये पाच हजार फक्त'. इंग्रजी किंवा हिंदीप्रमाणे राज्याच्या भाषेतही चेक लिहिता येतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. तेव्हा महाराष्ट्रात मराठीत चेक लिहायला काहीच हरकत नाही.

'तरच', 'तर' आणि 'असतो तर'

अटींच्या वाक्यांत 'ओन्ली' आणि 'इफ' यांची जागा बदलली की वाक्याचा स्वभावच बदलतो.

'तू आलास तरच मी जाईन': 'आय विल गो ओन्ली इफ यू कम'. आपला 'तरच' म्हणजे 'ओन्ली इफ', इतकं सरळ. डॉक्टरांनी 'टेक धिस टॅब्लेट ओन्ली इफ यू हॅव अ फीव्हर' लिहिलं असेल, तर ताप असला तरच गोळी घ्यायची. ताप नसताना घ्यायची नाही.

'इफ ओन्ली' हा निराळाच प्राणी. तो हळहळ व्यक्त करतो. 'थोडं आधी निघालो असतो तर!' म्हणजे 'इफ ओन्ली आय हॅड लेफ्ट अर्लिअर!' गाडी सुटलेली आहे, आता काही होणार नाही. मराठीत आपण वाक्य 'तर'वर अर्धं सोडून देतो आणि पुढचं ऐकणाऱ्याच्या मनावर सोपवतो. इंग्रजीतही तसंच अर्धं सोडता येतं. गेलेल्या गोष्टीबद्दल हळहळ असेल तर 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप, आत्ताच्या परिस्थितीबद्दल असेल तर साधा भूतकाळ: 'इफ ओन्ली आय न्यू हिज नंबर', त्याचा नंबर माहीत असता तर! पाऊस पडू दे रे देवा अशी इच्छा असेल तर 'इफ ओन्ली इट वुड रेन'.

वाक्याची सुरुवात 'ओन्ली'ने केली तर

'पाऊस थांबल्यावरच गाडी हलली' हे 'द ट्रेन मूव्ड ओन्ली आफ्टर द रेन स्टॉप्ड' असं सरळ म्हणता येतं, आणि रोजच्या बोलण्यात असंच म्हणावं. 'ओन्ली आफ्टर'ने सुरुवात केली की पुढे क्रियापद उलटं फिरवावं लागतं: 'ओन्ली आफ्टर द रेन स्टॉप्ड डिड द ट्रेन मूव्ह'. फिरतो तो दुसरा, मुख्य भाग. 'ओन्ली आफ्टर डिड द रेन स्टॉप' अशी पहिल्या भागाची उलटापालट करू नये. 'ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड', म्हणजे 'तेव्हा कुठे मला कळलं'. कर्त्यासाठी 'ओन्ली' असेल तर काहीच फिरत नाही: 'ओन्ली माय मदर नोज', आईलाच माहीत आहे.

'नॉट ओन्ली'चंही असंच. 'तो उशिरा तर आलाच, वर चिडलाही' हे 'नॉट ओन्ली डिड ही कम लेट, ही ऑल्सो गॉट अँग्री'. दोन नुसत्या गोष्टी जोडायच्या असतील तर 'नॉट ओन्ली' आणि 'बट ऑल्सो' यांच्यापुढे सारख्याच जातीचे शब्द ठेवा: 'नॉट ओन्ली इन पुणे बट ऑल्सो इन नागपूर'. एकीकडे 'इन' आणि दुसरीकडे नुसतं शहराचं नाव असं करू नका.

दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर वाक्य रूपांतराचे प्रश्न त्यांना नेहमी भेटतात. 'ओन्ली' काढून वाक्य लिहायचं असतं. माणूस असेल तर 'नन बट': 'ओन्ली अ सर्जन कॅन डू धिस' चं 'नन बट अ सर्जन कॅन डू धिस'. वस्तू असेल तर 'नथिंग बट': 'दे एट नथिंग बट राइस'. संख्या असेल तर 'नॉट मोअर दॅन': 'नॉट मोअर दॅन टेन पीपल केम'. परीक्षेपुरतं हे ठीक आहे. बोलताना 'नन बट' कोणी फारसं म्हणत नाही.

रोज उपयोगी पडणारे काही तयार प्रयोग

काही ठिकाणी 'ओन्ली' इतका छान बसतो की ती वाक्यं जशीच्या तशी तोंडात बसवावीत. दारावर टकटक होते, आतून कोणीतरी घाबरून 'कोण आहे?' विचारतं, आपण म्हणतो 'मीच आहे'. इंग्रजीत 'इट्स ओन्ली मी'. गंमत केली आणि समोरचा रुसला, 'अरे, नुसती गंमत केली': 'आय वॉज ओन्ली जोकिंग'. मदतीला कोणी बोलावलं आणि आपल्याला मनापासून करायची आहे, 'आय वुड बी ओन्ली टू ग्लॅड टू हेल्प'. यातला 'ओन्ली टू' ऐकायला 'फार'सारखा वाटला तरी अर्थ आनंदाचा आहे. लोकल कशीबशी मिळाली, 'आय ओन्ली जस्ट कॉट द ट्रेन'.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो हा. एवढ्या लांब जाऊन बघतो तर ऑफिस बंद: 'आय वेंट ऑल द वे देअर, ओन्ली टू फाइंड द ऑफिस क्लोज्ड'. मराठीतल्या 'बघतो तर' मध्ये जी फजिती आहे, ती तंतोतंत या 'ओन्ली टू फाइंड' मध्ये आहे. दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने तीच निराशा पकडली आहे.

शेवटचा एक वापर म्हणजे 'पण' अर्थाचा. 'आलो असतो, फक्त उद्या परीक्षा आहे': 'आय वुड कम, ओन्ली आय हॅव अ‍ॅन एक्झाम टुमॉरो'. आपल्याकडे 'मात्र' आणि 'फक्त' हे दोघेही 'एवढंच' आणि 'पण' अशी दोन्ही कामं करतात, त्यामुळे हा वापर मराठी माणसाला सहज जमतो. पत्रात किंवा अर्जात मात्र तो टाळावा, तो बोलण्यातलाच आहे.

पाठवण्याआधीची तपासणी

मेल किंवा मेसेज लिहून झाला की त्यातले सगळे 'ओन्ली' शोधा. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ दाबलं की ते एका झटक्यात दिसतात. प्रत्येकाच्या पुढचा शब्द बघा आणि विचारा, 'मी बाकीचे सगळे वगळतोय का?' उत्तर 'हो' असेल तर ठेवा. 'नाही, मी नुसता जोर देतोय' असं उत्तर आलं तर काढून टाका. आणि 'ओन्ली'च्या पुढे पूर्णविराम असेल, तर तो नव्वद टक्के वेळा मराठीतून आलेला आहे असं समजून चला.

एक नमुना घेऊ. मनात मराठीत असं आहे: 'मी पुण्यातच आहे. रिपोर्ट कालच पाठवला, पण तुमचं उत्तर आलंच नाही. आजच कळवा, कारण फाइलवर मॅनेजरच सही करू शकतात आणि ते शुक्रवारपर्यंतच इथे आहेत.' यात सहा 'च' आहेत. इंग्रजीत ते असं होईल:

'आय अ‍ॅम इन पुणे. आय सेंट द रिपोर्ट यस्टरडे, बट आय हॅवन्ट हॅड एनी रिप्लाय अ‍ॅट ऑल. प्लीज लेट मी नो टुडे, बिकॉज ओन्ली द मॅनेजर कॅन साइन द फाइल, अँड ही इज हिअर ओन्ली टिल फ्रायडे.'

'पुण्यातच'चा 'च' गळाला, कारण तो नुसता दिलासा होता. 'कालच' इथे 'आधीच' या अर्थाचा आहे, म्हणून 'ओन्ली' नाही. 'यस्टरडे' पुरेसं आहे. 'आलंच नाही'चं 'अ‍ॅट ऑल' झालं. 'आजच'ची निकड 'प्लीज' आणि पुढच्या कारणातून येते. उरले दोन. 'मॅनेजरच' म्हणजे दुसरा कोणी सही करू शकत नाही, आणि 'शुक्रवारपर्यंतच' म्हणजे शनिवारी ते सापडणार नाहीत. या दोन ठिकाणी खरोखर वगळणं आहे, म्हणून दोन्हीकडे 'ओन्ली' आला, आणि दोन्हीकडे आपल्या शब्दाच्या लगेच आधी. 'टिल'च्याही आधी.